नाकाची नोकरी

मी वाईनच्या कंपनीत कामाला लागले हे आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, सरळ सांगायची हिंमत ह्यांना झाली नाही. त्यांनी "द्राक्षांच्या कंपनीत" असं सांगितलं. आई खूश. द्राक्षं पित्तावर चांगली. पण महिना उलटला तरी सून घरी एक घड आणत नाही म्हटल्यावर त्यांच्या मनात पाल चुकचुकली, आणि पुढे एकदा सुट्टे पैसे शोधताना माझ्या पर्समध्ये त्यांना बूच काढायचा स्क्रू सापडला. त्या दिवसापासून मी दारात चपला काढू लागले की आई लगबगीनं पुढे यायच्या. "किती गं घामेजलीस," असं म्हणत पदरानं माझं तोंड पुसायच्या आणि तेवढ्यात एक खोल श्वास घ्यायच्या.

शेवटी एकदा मीच खरं काय ते सांगितलं.

"आई, आम्ही फक्त चव बघतो. तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो."

"सगळं?"

"सगळं."

"मग थुंकायचंच तर तोंडात घ्यायचं कशाला?"

वाईनवर मी पुढे बरंच वाचलं, पण या प्रश्नाचं आईंना पटेल असं उत्तर मला कुठे मिळालं नाही.

त्याआधी मी मुलुंडला एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. कारखाना बंद झाला, त्या जागी टॉवर उभे राहिले, आणि चाळिशी ओलांडलेली, डोक्यात थोडी केमिस्ट्री आणि बाकी सगळी धुसफुस असलेली बाई कोण घेणार, तर निरंजन सरांनी घेतलं. निरंजन सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. कॉम्प्युटरची भरल्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी नाशिकच्या पलीकडे, एका टेकडीच्या पायथ्याशी द्राक्षबाग आणि छोटीशी वायनरी घातली होती. तिथे पक्षी ओरडायचे, गार वारा सुटायचा आणि मोबाईलला रेंज नसायची. शहरातून येणारी माणसं "अहाहा" म्हणायची. मी आठवड्यातून दोन दिवस तिथे असे. बाकीचे दिवस मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात, आणि तिथून उपनगरभर तक्रारी निस्तरत.

तक्रारी निस्तरणं म्हणजे वास घेत हिंडणं. वाईन बिघडली की आधी नाकाला कळतं. व्हिनेगरचा वास आला तर हवा लागली. नेलपॉलिशचा आला तर आंबवताना गडबड झाली. उकडलेल्या फळांचा आला तर बाटली उन्हात राहिली. आणि ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात कपाटात राहून गेलेल्या चादरीसारखा कोंदट वास आला तर बूच वाईट. बूच हे झाडाच्या सालीचं असतं. ते वास ओढून घेतं आणि मग गुपचूप बाटलीत सोडतं. प्यायल्यानं माणसाला काही होत नाही. वाईनचं मात्र मातेरं होतं.

माझ्या कामाचा पहिला नियम म्हणजे गिऱ्हाइकावर विश्वास ठेवायचा नाही, आणि दुसरा म्हणजे त्याला तसं कळू द्यायचं नाही. अंधेरीच्या एका गृहस्थांनी "तुमची वाईन उकडलेली आहे" म्हणून फोन केला. घरी गेले. उकडलेलीच होती. वडिलांना दिसू नये म्हणून त्यांनी बाटली बाथरूमच्या माळ्यावर गिझरला टेकवून ठेवली होती. गृहस्थ स्वतः पन्नाशीचे. बोरिवलीच्या एक बाई म्हणाल्या, "फार आंबट आहे हो, साखर घालून ढवळली तरी जात नाही." मी त्यांच्या ओट्याजवळ उभी राहून ते सरबत चाखलं आणि थुंकायला जागा शोधू लागले. बाईंचा चेहरा इतका उत्सुक होता की शेवटी गिळलं. त्या संध्याकाळी आईंनी पदरानं तोंड पुसलं आणि खोल श्वास दोनदा घेतला.

तर अशी मजेत चाललेली नोकरी, आणि एका संक्रांतीच्या सुमाराला मुलुंडच्या जिग्नेशभाईंचा फोन आला.

जिग्नेशभाईंचं वाईन शॉप म्हणजे नावाला वाईन शॉप. खप सगळा रम आणि बिअरचा. आमच्या बाटल्या वरच्या फळीवर, देवासारख्या, वर्षातून एकदा धूळ पुसण्यापुरत्या. ते म्हणाले, "मॅडम, तुमची नवीन लाल वाली वास मारते. गिऱ्हाईक परत देऊन गेला. मी उघडून बघितली, मला पण वास आला."

मी गेले. बाटलीत नाक घातलं. ओला पुठ्ठा. मी लगेच जिग्नेशभाईंवर संशय घेतला. त्यांच्या मागच्या खोलीत भिंतीला ओल होती. त्यांनी माझी नजर पाहिली.

"मॅडम, ओल माझ्या भिंतीला आहे. बाटली तुमची आहे."

पण लगेच जोगेश्वरीहून तसाच फोन आला, मग घाटकोपरच्या एका हॉटेलातून. सगळीकडे तीच लाल, दिवाळीनंतर भरलेली. आणि विचित्र गोष्ट म्हणजे एका खोक्यातली प्रत्येक बाटली वाईट नव्हती. दोन चांगल्या, एक कोंदट, पुन्हा एक चांगली.

निरंजन सरांनी मला गाळ्यात समोर बसवलं.

"मॅडम, सिंपल आहे. सगळा माल बिघडला असता तर सगळ्या बाटल्या बिघडल्या असत्या. मधल्या-मधल्याच बिघडल्यात. म्हणजे कोणीतरी उघडतंय, पितंय, काहीतरी भरतंय आणि परत बूच मारतंय. बूच मारायच्या मशीनची किल्ली कोणाकडे असते?"

"बाबलकडे."

"आणि बाबलला आणलं कोणी?"

मी. बाबल माझ्या माहेरचा, जोगेश्वरीच्या आमच्या जुन्या चाळीतला. त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर बाबलनं वॉचमनगिरी केली, रिक्षा चालवली, आणि मी शब्द टाकल्यावर वायनरीवर लागला. टाक्या धुणं, पिंपं हलवणं, बुचांची खोली सांभाळणं, सगळं त्याच्याकडे. महिन्यातून दोनदा घरी यायचा. कामाला वाघ. फक्त वाईनबद्दल त्याला काडीचा आदर नव्हता.

मी वायनरीच्या प्रयोगशाळेत त्या बाटल्यांचं मोजमाप केलं. पाणी घातलेलं नव्हतं. तसं सरांना सांगितलं. वास बुचाचा वाटतो हेही सांगितलं, पण वाईट बूच शंभरात एखादं निघतं, दर तिसरं-चौथं नाही.

"मग टाकीच्या तळाचा गाळ भरत असेल," सर म्हणाले.

गाळही नव्हता. तर म्हणाले, "काहीतरी असेलच ना." एकदा संशय बसला की तो भाडेकरूसारखा असतो, उठत नाही. "द्राक्षांची तोडणी सुरू व्हायच्या आत मला निकाल पाहिजे, मॅडम. नाहीतर मी पोलिसांत देणार त्याला."

बाबलच्या कानावर हे गेलंच. मी वायनरीवर पोचले तर तो पिंपांच्या खोलीबाहेर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा.

"शैलाताई, ह्या आंबट पाण्यापायी मी चोरी करतलंय? अहो, चोरायचीच तर माणूस काय तरी चांगली चोरील!"

हा त्याचा बचाव. खरं तर याहून भक्कम बचाव असू शकत नाही, पण तो वायनरीच्या मालकासमोर मांडता येत नाही.

मग त्याचा आवाज खाली आला. "नोकरीचा सोडा. दुसरी बघेन. पण पुढच्या महिन्यात शिमगो. आमच्या घराण्याक पालखीक पयलो खांदो देवचो मान आसा. गावचे निम्मे लोक जोगेश्वरीत. इकडे चोर म्हटल्यानी, तर तिकडे मी पालखीक हात लावूचंय? सांगा तुम्हीच."

कोकणातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पालखीपुढे उभा राहिलेला माणूस आणि तिथून बाजूला केलेला माणूस, दोघांकडे गाव वर्षभर बघत असतं.

मी म्हटलं, "मी आहे ना." पण म्हणताना माझं मला खरं वाटेना. नाकाची नोकरी करून करून एक झालं होतं. समोरचा माणूस कितीही तळमळून बोलला, तरी मी आधी हुंगत असे.

म्हणून तर मी जोगेश्वरीला त्याच्या घरी गेले. निमित्त संक्रांतीच्या वाणाचं. त्याची बायको सुलभा हसून दारात आली, "ये गो शैला, किती दिसांनी!" आणि चहा टाकायला आत वळली. मी वर पाहिलं. पोटमाळ्याखालच्या फळीवर आमच्या बाटल्या ओळीनं उभ्या. लांब मानेच्या, हिरव्या, बुचं लावलेल्या. सहा-सात तरी. आत काहीतरी गडद लाल.

सुलभा साखरेचा डबा शोधत होती. मी स्टुलावर चढले. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं दुसऱ्याच्या घरात स्टुलावर चढू नये, पण चढले. एक बाटली काढली, बूच उपटलं, नाक घातलं.

कोकमाचा आगळ. अस्सल, मीठ घातलेला, डोळ्यांत पाणी आणणारा.

दुसरीतही आगळ. तिसरीत खोबरेल तेल.

"काय गो," मागून सुलभा म्हणाली. "वास कसलो घेतंस?"

मी स्टुलावरच होते. हातात बाटली. "आगळ गावचा का?" असं काहीतरी मी म्हटलं.

"गावचोच." तिनं माझ्या हातातून बाटली घेतली, बूच दाबून बसवलं आणि जाग्यावर ठेवली. "बाटल्ये खरचटलेले, लेबल फाटलेले, ते तुमचे सर फेकून देतत. हे धुवन् आणतत. आनी काय बघूचा आसा? कपाट उघडू?"

चहा झाला. तो चहा मी प्यायले कसा ते देवाला माहीत. वाणाची वाटी मात्र तिनं माझ्या हातात दिली नाही. जाताना पिशवीत ठेवली.

घरी येताना एक विचार पक्का झाला. माणसांवर बराच संशय घेऊन झाला, आता वस्तूंवर घेऊ.

दुसऱ्या दिवशी वायनरीवर गेले आणि बुचांच्या खोलीत शिरले. बुचं प्लास्टिकच्या बंद पिशव्यांतून येतात. एक पिशवी उघडायची, लागतील तेवढी वापरायची, उरलेली तोंड बांधून लाकडी फळ्यांच्या चौकटीवर ठेवायची. मी ग्लास मांडले. प्रत्येकात स्वच्छ पाणी आणि एकेक बूच. काही बुचं सीलबंद पिशव्यांतली, काही उघडून ठेवलेल्या पिशव्यांतली. वर झाकण. रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळीनं वास घेत गेले. सीलबंद पिशव्यांतली बुचं निर्मळ. उघड्या पिशव्यांतल्या दर तिसऱ्या-चौथ्या ग्लासात ओला पुठ्ठा.

म्हणजे बुचं येताना चांगली होती आणि या खोलीत बिघडली होती. मी खाली वाकून लाकडी चौकटीला नाक लावलं. तिथेही तोच वास.

"बाबल, या खोलीत काय केलंस तू?"

"काय केलंय? काय नाय!" मग तो जरा ताठ झाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान आला तो मी अजून विसरलेले नाही. "खंडेनवमीक धुवन् काढलंय सगळी. मशीनची पूजा नाय? झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू लावलं. त्याच्या आदल्या दिवशी सगळी खोली, ह्यो फळ्ये, जमीन, ब्लीचिंग पावडर मारून असं घासलंय की पाय घसरूचो. मग पूजा झाल्यावर खोली बंद. देवाची खोली कशी चकाचक व्हई!"

मी बुचांची पिशवी फळीवरून खाली उतरवली.

बाहेरच्यांसाठी सोपं करून सांगते. वायनरीत ब्लीचिंग पावडर कुठेही चालत नाही. त्यातला क्लोरीन लाकडात मुरतो. खोली बंद, दमट. लाकडाला बारीक बुरशी धरतेच, आणि ती त्या क्लोरीनचं जे काही करते त्यातून हाच कोंदट वास तयार होतो. कणभर पुरतो. बुचं तो ओढून घेतात. टाक्या धुताना पावडर वापरायची नाही हे बाबलला माहीत होतं, त्याला ते सांगितलेलं होतं. खोलीच्या जमिनीबद्दल कोणी बोललं नव्हतं. आणि घरातली मोरी काय, गावातली विहीर काय, आपल्याकडे सणाच्या आधी माणूस पावडर मारतोच. मशीनची पूजा करणाऱ्या माणसानंच ही चूक करावी. ज्याला पूजा करायची नाही त्यानं खोली कशाला घासली असती?

मी हे सगळं बाबलला सांगितलं. त्यानं स्वतः एक ग्लास उचलला, वास घेतला, दुसरा घेतला.

"म्हणजे माल मी नासवलंय."

"हो."

"पण चोरलंय नाय."

"नाही."

"हां," तो म्हणाला. "मग चला. सरांका सांगूया."

निरंजन सर आले. मी त्यांना ग्लास हुंगायला लावले. ते हुशार आहेत, पटकन समजले. आणि समजल्यावर आधी त्यांना हायसं वाटलं, मग घाम फुटला.

"म्हणजे शेवटी यानंच!"

मी म्हटलं, "सर, खंडेनवमीला आरती तुम्ही केलीत. इथेच. मी नव्हते, पण फोटो तुम्ही ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतंत, काय झकास स्वच्छता, स्विमिंग पूलवर आल्यासारखं वाटतंय."

सर खिडकीपाशी गेले. परत आले तेव्हा त्यांनी सगळं जुळवलेलं होतं. अशी माणसं संकटात पटकन जुळवतात.

"ठीक आहे. बाबल, तुझी नोकरी राहील. पोलीस-बिलीस काही नाही. पण दुकानदारांना सांगायचं काय? आमची बुचंच नासली म्हटलं तर आपल्या एका बाटलीला कोणी हात लावणार नाही. त्यापेक्षा सांगू, एक कामगार गडबड करत होता, त्याला काढला. लोकांना ते कळतं. नाव नाही सांगणार आपण. तू इथेच राहशील, कोणाला काय कळतंय?"

खरं सांगायचं तर दुकानदारीच्या दृष्टीनं सल्ला वाईट नव्हता. चोर सगळ्यांना समजतो. बुरशी कोणाला समजते?

बाबल म्हणाला, "सर, जोगेश्वरीच्या दुकानात आमच्या गावचे पोरगे रोज उभे असतत. वायनरीवर गावचो एकच माणूस. नाव सांगूक कशाक लागता?"

"अरे, पण नोकरी..."

"नोकरी घेवा." हे तो अगदी शांतपणे म्हणाला. "आनी तुम्ही चोर म्हणून सांगितलात, तर मी मागून जावन् दुकानादुकानात खरी काय ती सांगतलंय. ती तरी आताच सांगूया ना."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी बाजू घेऊन काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, "सर, मीही जाणार त्याच्याबरोबर."

"जा मग," सर शेवटी म्हणाले. आवाज थकलेला. "दोघं जा. आणि ती लाल सगळी उचलून आणा."

आमच्या टेंपोतून निघालो. घाट उतरेपर्यंत बाबल खिडकीबाहेर बघत होता. मग एकदम म्हणाला, "सुलभा म्हणाली, तुम्ही बाटल्यांचे वास घेतलात."

"हो."

"काय मिळाला?"

"आगळ."

"हां." मुलुंडच्या टोलनाक्यापर्यंत मग तो पुन्हा खिडकीबाहेर बघत होता. माफी मागायला शब्द लागतात, आणि माझ्याकडे होते ते सगळे वासाचे होते.

मुलुंडला जिग्नेशभाईंनी सगळं ऐकून घेतलं. ब्लीचिंग, लाकूड, बुरशी, बूच. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, हे खरं ना? का कोणाला वाचवताय?"

"खरं आहे."

"एवढं लांबलचक आहे म्हणजे खरंच असेल," ते म्हणाले आणि पोराला माल काढायला सांगितलं. पण नजर बाबलवर होती, आणि ती काही मोकळी नव्हती. घाटकोपरच्या हॉटेलवाल्यानंही तेच केलं. ऐकून घेतलं, मान डोलावली आणि बाबलला वरून खाली न्याहाळलं. मला वाटलं, संपलं. खरं सांगूनही माणूस सुटत नसतो.

जोगेश्वरीला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुकानापुढे लाईन लागलेली, आणि लाईनीत बाबलच्या गावचे दोघे-तिघे हजर. मी मालकाला बाजूला घ्यायला गेले, तर बाबलनं मला हातानं थांबवलं. तो काउंटरशी उभा राहिला आणि दुकानाला ऐकू जायला हवं त्यापेक्षा खूपच मोठ्यानं बोलला.

"शेठ, ती लाल बाटली नासली ती मी नासवलंय! खंडेनवमीक बुचांची खोली ब्लीचिंग पावडरीन धुतलंय, म्हणून बुचं कुजली! माझी चूक! चोरी-बिरी काय एक नाय!"

लाईनीतून एक आवाज आला, "कोण रे, बाबल? अरे, वाईन ब्लीचिंगनं धुतलंस?"

"वाईन नाय रे, खोली!"

"मग पांढरी वाईन अशीच करतत काय?"

दुसरा म्हणाला, "बाबल्या, पूजेला सत्यनारायण पण घातला होतास काय? प्रसादात डेटॉल?"

लाईनच्या लाईन हसायला लागली. शेठही हसले. काउंटरवरचा पोरगा हसता हसता सुट्टे द्यायचं विसरला. मी रागानं पुढे झाले, "अरे, हसताय काय! त्याची नोकरी..."

बाबलनं माझ्याकडे वळून पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि तोंडावर हसू होतं. गेल्या महिन्याभरात मी ते पाहिलं नव्हतं.

"हसू देत, शैलाताई," तो हळूच म्हणाला. "चोराक कोण हसता काय?"

त्या वर्षीच्या शिमग्याला बाबल पालखीखाली उभा राहिला तेव्हा त्याला पोरं "ब्लीचिंग बाबल" म्हणून ओरडत होती, असं सुलभाच पुढे मला म्हणाली. सांगताना ती हसली नाही. तिनं एकदा मला हसावं, एवढीच अपेक्षा मी अजून ठेवून आहे.